मदत हवी आहे : फेडर तळाला ओढला तरी मॉनिटर शिट्टी मारतोय

नमस्कार मंडळी. आमचं गाव खानापूर तालुक्यात, जांबोटीकडं. सोमवारी देवळात पारायण बसतंय आणि साऊंड माझ्या गळ्यात पडलाय. का, तर मी बेळगावात कारखान्यात कामाला, म्हणजे मशीनमधलं सगळं कळणारच की!

८ चॅनेलचा साधा मिक्सर, बाहेर २ पॉवर्ड स्पीकर, बुवांसमोर १ मॉनिटर (त्यांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून त्यांच्याकडं तोंड केलेला स्पीकर). माईक ४ : बुवा, पेटी, पखवाज, टाळकरी. तानपुरा मोबाईलवर.

मोबाईल जोडला की 'घूंऽऽ' चालू. आणि बुवांनी पट्टी चढवली की मॉनिटर कुईऽ करून शिट्टी मारतो. बुवांचा फेडर (चॅनेलचा आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पार तळाला नेला, मेन (बाहेरच्या स्पीकरांचा आवाज) खाली केला, तरी थांबत नाही. वर स्लॅब, खाली फरशी, त्यात ही शिट्टी. मिक्सर गेला काय?

निपाणीकर : मिक्सर ठणठणीत आहे. मॉनिटर ऑक्सला (मिक्सरमधून आवाज वेगळा बाहेर काढायची वाट) जोडलाय ना? मॉनिटरचा ऑक्स बहुतेक प्री-फेडर असतो, म्हणजे आवाज फेडरपर्यंत यायच्या आधीच तिकडं वळतो. फेडर कितीही ओढा, मॉनिटरला पत्ताच नाही. त्याच चॅनेलवरचं ऑक्सचं बटण कमी करा. आणि गेन (माईकचा आवाज मिक्सरमध्ये शिरतानाच किती वाढवायचा ते बटण) 'हॅलो हॅलो'वर लावू नका. हॅलो सगळे हळू म्हणतात आणि गजराला छप्पर उडवतात. बुवांना पूर्ण आवाजात एक अभंग म्हणायला लावा, पीएफएल (त्या एकाच चॅनेलचा फेडरआधीचा आवाज मीटरवर दाखवणारं बटण) दाबा, मीटर शून्याच्या आसपास ठेवा. गेन हलवला तर मेन आणि मॉनिटर दोन्ही हलतात, त्यामुळं तो एकदाच लावायचा.

धागाकर्ता : बघितलं. ऑक्सवर बुवांपेक्षा पखवाज जास्त आहे! वाजवणारा म्हणतो, मलाच माझं ऐकू येत नाही.

निपाणीकर : मांडीवर घेऊन बसलाय आणि ऐकू येत नाही? मॉनिटरमधून पखवाज पूर्ण काढा, त्याला पेटी आणि बुवा द्या. टाळांचा माईक तर बंदच करा, टाळ बाकीच्या तिन्ही माईकमधून येतातच. बुवांच्या चॅनेलवर लो-कट (खालचा जाड आवाज कापणारं बटण) दाबा, पखवाजावर नको, धुम्याचा (पखवाजाच्या जाड आवाजाच्या बाजूचा) घुमारा जाईल. माईक कार्डिऑइड (समोरचा आवाज घेणारा, पाठीमागचा फारसा न घेणारा) असेल तर मॉनिटर त्याच्या बरोबर पाठीमागे ठेवा. बुवा जाळी मुठीत धरत असतील तर हात जोडून सांगा. जाळी झाकली की माईक मागचाही आवाज ओढतो.

साऊंडवाला अण्णा : घूं आवाजाचं मी सांगतो. मोबाईल चार्जिंगला आहे काय? चार्जर काढून बघा. तरी राहिला तर मिक्सर, स्पीकर, मॉनिटर सगळं एकाच बोर्डावरून घ्या. देवळातला एक प्लग आणि शेजारच्या घरातलं एक्स्टेंशन, असं केलं की अर्थिंगचा लूप (दोन वाटांनी जोडलेलं अर्थिंगचं वेटोळं) होतो आणि तोच घूं करतो. कोणी म्हणेल, अर्थिंगची जाड पिन काढून टाक, आवाज जातो. आवाज जातोही, पण माईक धरणाऱ्याला शॉक बसू शकतो. तसलं काही करू नका.

धागाकर्ता : अण्णा, चार्जरच होता! काढल्याबरोबर शांत. ऑक्स कमी केला, मॉनिटर फिरवला, शिट्टीही गेली. पखवाजवाला मात्र रुसलाय, टाळांचा माईक तरी त्याच्यापुढं ठेवा म्हणतोय. ठेवलाय, पण त्याची वायर मिक्सरला लावलेली नाही. त्याला कोणी सांगू नका.