मदत हवी आहे: इंग्रजीत ‘पूर्वी असं असायचं’ कसं शिकवावं?

नमस्कार मंडळी,

लालबागला आमच्या चाळीतल्या मंडळाच्या खोलीत मी संध्याकाळी बायकांसाठी इंग्रजी बोलण्याचा वर्ग घेते. फी नाही, परीक्षा नाही. बहुतेक जणी पन्नाशीच्या पुढच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. कुणी पोळीभाजी केंद्र चालवतं, कुणी नातवंडं सांभाळतं. इंग्रजी कशाला हवंय असं विचारलं की बऱ्याच जणी एकच सांगतात: नातवंडं इंग्रजी शाळेत जातात, त्यांना आपल्या लहानपणच्या गोष्टी सांगायच्या आहेत.

म्हणजे यांना सगळ्यात जास्त लागतो तो रीती भूतकाळ. मराठीत ‘जायचो, करायची, असायचं’ म्हटलं की काम झालं. इंग्रजीत तिथे तीन वाटा फुटतात: यूज्ड टू, वुड आणि साधा भूतकाळ.

यूज्ड टू त्यांनी पटकन उचललं. ‘वी यूज्ड टू लिव्ह इन अ स्मॉल रूम’, ‘माय मदर यूज्ड टू मेक पापड’ अशी वाक्यं छान येतात. पण आता ते सगळीकडेच येऊ लागलंय. ‘यस्टरडे आय यूज्ड टू गो टू दादर.’ आजची सवय सांगतानाही ‘आय यूज टू वेक अप अ‍ॅट फाइव्ह’. आणि ‘मला लोकलच्या गर्दीची सवय आहे’ हे सांगायला गेलं की ‘आय अ‍ॅम यूज्ड टू’ आणि ‘आय यूज्ड टू’ यांची खिचडी होते.

मला खरी अडचण वुडची आहे. ‘आफ्टर स्कूल वी वुड प्ले लगोरी’ बरोबर, पण ‘वी वुड लिव्ह इन अ चाळ’ चूक. कृती असेल तर वुड चालतं, स्थिती असेल तर नाही, हा नियम मी फळ्यावर लिहिला. सगळ्यांनी वहीत उतरवून घेतला, आणि बोलायची वेळ आली तेव्हा कुणालाच तो आठवला नाही. मराठीत ‘खेळायचो’ आणि ‘राहायचो’ अगदी सारखेच चालतात, मग हा भेद त्यांना जाणवणार तरी कुठून?

गेल्या आठवड्यात एक काकू वडिलांबद्दल सांगत होत्या. वडील गिरणीत, पाळी सकाळची, भोंगा व्हायच्या आधी आई डबा भरून तयार ठेवायची, चाळीतली सगळी पुरुषमंडळी एकदमच जिना उतरायची. मग १९८२चा संप आला आणि भोंगा बंद झाला. मराठीत सांगताना खोलीत सगळ्या गप्प होऊन ऐकत होत्या. इंग्रजीत सांगायला घेतलं तेव्हा प्रत्येक वाक्य ‘यूज्ड टू’ने सुरू झालं. संपसुद्धा! ‘द स्ट्राइक यूज्ड टू कम.’ इतकी भरलेली आठवण व्याकरणापायी अडकून पडावी याचं मला फार वाईट वाटतं. गाळलेल्या जागा भरायला देऊन हे सुटेल असं वाटत नाही.

तर विचारायचंय ते असं: वुड शिकवावं की या टप्प्यावर सोडूनच द्यावं? आणि शिकवायचं तर कोणत्या क्रमाने?

प्रतिसाद

ताई, मी बोरिवलीला प्रौढांनाच शिकवतो. माझं मत स्पष्ट आहे: बोलायला यूज्ड टू आणि साधा भूतकाळ पुरतात. वुड आधी फक्त कानावर पडू द्या. पुढे शिकवाल तेव्हा फळ्यावर नियम नको, एकच प्रश्न विचारा: ‘याचा व्हिडिओ काढता आला असता का?’ लगोरी खेळतानाचा काढता येतो, डबा भरतानाचा काढता येतो, तिथे वुड चालेल. ओळख असणं, आवडणं, मालकी असणं यांचा काढता येत नाही, तिथे यूज्ड टूच. ‘राहणं’ही त्याच गटात टाका.

शिवाय वुडने गोष्ट सुरू करू देऊ नका. पहिलं वाक्य यूज्ड टूचं, म्हणजे काळ पक्का होतो, मग वुड.

संपाच्या वाक्याला त्यांचं मराठीच कामी येईल. काकू मराठीत ‘संप यायचा’ म्हणाल्या नसतील, ‘संप आला’ म्हणाल्या असतील. जिथे मराठीत ‘यचा-यची’ जाऊन ‘आला, गेला, झालं’ येतं, तिथे इंग्रजीत साधा भूतकाळ. मुदत सांगतानाही तसंच. आपण ‘बाबांनी वीस वर्षं गिरणीत काम केलं’ म्हणतो, ‘करायचे’ म्हणत नाही. इंग्रजीतही तिथे ‘वर्क्ड फॉर ट्वेंटी इयर्स’. यूज्ड टूबरोबर मुदत किंवा एकूण किती वेळा झालं ते येत नाही. ही कसोटी माझ्या वर्गात बायकांना लगेच पटते, कारण उत्तर त्यांच्याच तोंडात असतं.

आजच्या सवयीला यूज टू नाहीच. ‘आय वेक अप अ‍ॅट फाइव्ह’ एवढंच. आणि नकारात ‘डिडन्ट यूज टू’ लिहिताना शेवटचं डी गळतं, पण बोलताना दोन्हींचा उच्चार ‘यूस्टू’च होतो, त्यामुळे बोलण्याच्या वर्गात त्यावर वेळ घालवू नका.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. व्हिडिओचा प्रश्न आणि ‘यचा-यची’ची कसोटी, दोन्ही कालच वापरली. काकूंनी ‘देन द स्ट्राइक केम’ स्वतःहून म्हटलं.

नवा वाद मात्र निघाला. एकीने ‘डबल डेकर्स यूज्ड टू रन इन मुंबई’ म्हटलं, दुसरी म्हणाली चूक, अजून धावतात. दोघींचंही खरं आहे: बेस्टच्या जुन्या डिझेलवरच्या डबल डेकर सप्टेंबर २०२३ मध्ये बंद झाल्या, विजेवरच्या वातानुकूलित धावतात. शेवटी ‘डबल डेकर्स यूज्ड टू हॅव ओपन विंडोज’वर एकमत झालं, आणि मग वरच्या मजल्यावरची पुढची सीट पकडायला कोण कसं धावायचं ते सांगताना वुड आपोआप आलं. ट्रामचं उदाहरण त्यामानाने सरळ आहे, ती १९६४ला बंदच झाली, पण आमच्यातल्या फार थोड्या जणींनी ती पाहिलीय.

आता एवढंच हवंय: आपल्याकडच्या माणसांनी साध्या इंग्रजीत जुन्या आठवणी सांगितलेल्या आहेत असं ऐकायला काही कुणाकडे आहे का? परदेशी उच्चारांच्या फिती ऐकून त्या दबून जातात. दोन-तीन मिनिटांचं असलं तरी चालेल.