मागच्या गेटवरचा स्विच आणि जुनी 24 व्होल्टची लाइन

*सेक्रेटरी:* मागच्या गेटच्या खांबाजवळ 230 ची लाइन नाही. मीटर रूममधल्या ट्रान्सफॉर्मरवरून जुन्या कॅमेऱ्याला 24 व्होल्टची वायर गेलेली आहे, अंतर साधारण 60 मीटर. तिथे पाच पोर्टचा नेटवर्क स्विच (12 व्होल्ट, 1 अँपिअर) आणि वायरलेस रेडिओ (24 व्होल्ट, अर्धा अँपिअर) बसवायचा आहे. रेडिओ 24 चाच आहे, तो तरी थेट जोडता येईल ना?

*बी-603:* नका जोडू. ट्रान्सफॉर्मरवर 24 पुढे ~ अशी खूण आहे, म्हणजे एसी. रेडिओच्या अडॅप्टरवर आडवी रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ आहे, म्हणजे डीसी. आकडा सारखा असला तरी वीज वेगळी.

*सी-401:* मग एसीचं डीसी करणारा, चार डायोडचा 10 अँपिअरचा ब्रिज रेक्टिफायर लावा, केबीपीसी 1010. कुठेही मिळतो, आणि एवढ्या लोडला हीटसिंकही लागत नाही.

*बी-603:* काका, ब्रिज हवाच, पण तेवढ्यावर रेडिओ जोडला तर जळेल. कपॅसिटर (चार्ज साठवून लाट सपाट करणारा) न लावता मोजलं तर मीटर 20 च्या आसपास दाखवतो, कारण डीसी रेंजवर तो सरासरी दाखवतो. कपॅसिटर लावला की तो लाटेच्या शिखरापर्यंत चार्ज होतो. 24 × 1.414 म्हणजे 34, दोन डायोडमध्ये दीडेक व्होल्ट जातात, उरले साडेबत्तीस. शिवाय ट्रान्सफॉर्मरवर लिहिलेले 24 हे पूर्ण लोडवरचे. लोड नसताना 27 सहज मिळतात. रात्री लाइन 250 ला चढली की डीसी 40 च्या घरात जातं.

*ए-102:* म्हणजे बाजारात मिळणारा एलएम2596 चा बक मोड्यूलही (व्होल्टेज कमी करणारा) नको. त्याची इनपुट मर्यादाच 40 आहे, आणि बऱ्याच स्वस्त मोड्यूलवर इनपुटचा कपॅसिटर 35 किंवा 50 व्होल्टचा असतो. आपला मुख्य कपॅसिटर 63 व्होल्टचाच घ्या.

*सी-401:* किती मायक्रोफॅरड? 1000 पुरेल?

*बी-603:* नाही पुरणार. दोन्ही मिळून 24 वॅट, कन्व्हर्टरचं नुकसान धरून 28. म्हणजे 30 व्होल्टला सुमारे 0.95 अँपिअर. ब्रिजनंतर कपॅसिटर सेकंदाला 100 वेळा भरतो, त्यामुळे रिपल (दोन भरण्यांमधली व्होल्टेजची घट) = करंट ÷ (100 × फॅरड). 1000 ला साडेनऊ व्होल्ट, 4700 ला दोन. 4700 मायक्रोफॅरड, 63 व्होल्ट, 105 अंशांचाच घ्या. उन्हात बंद डब्यात 85 अंशांचा लवकर सुकतो. त्याच्यावर समांतर 2.2 किलोओहम, 2 वॅटचा रेझिस्टर टाका, म्हणजे बंद केल्यावर चार्ज उरत नाही.

*सेक्रेटरी:* ट्रान्सफॉर्मर 24 व्होल्ट, 3 अँपिअरचा आहे. 28 वॅटला भरपूर झाला ना?

*बी-603:* पुरेल, पण दिसतो तेवढा भरपूर नाही. कपॅसिटर फक्त शिखराजवळ करंट ओढतो, तोही झटक्यानं. एसी बाजूचा आरएमएस (परिणामी) करंट डीसीच्या पावणेदोनपटीपर्यंत जातो, म्हणजे सुमारे 1.6 अँपिअर, साधारण 40 व्हीए (व्होल्ट × अँपिअर). शिवाय कॅमेराही त्याच्यावरच आहे. ट्रान्सफॉर्मरनंतर लगेच 3.15 अँपिअरचा स्लो-ब्लो फ्यूज टाका. साधा फास्ट फ्यूज कपॅसिटर भरतानाच उडेल.

*ए-102:* वायर किती जाडीची आहे? 1 चौ. मिमी असेल तर जाऊन-येऊन 120 मीटरला 2.2 ओहम. 1.6 अँपिअरला साडेतीन व्होल्ट वायरमध्येच जातील. शक्य असेल तर दीड चौ. मिमी ओढा.

*बी-603:* आणि मीटर रूममधला इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्ह आहे. त्याच्या लाटेला वेगळं शिखर नसतं, म्हणून लाइट गेल्यावर डीसी साडेबत्तीसऐवजी 22 च्या आसपास येईल, वायरनंतर 20. त्यातून 24 चा बक चालणारच नाही. दर वेळी लाइट गेली की रेडिओ बंद. म्हणून तिथे फक्त 12 करा आणि रेडिओला त्या 12 वरून व्होल्टेज वाढवणाऱ्या बूस्ट कन्व्हर्टरनं 24 द्या.

*सी-401:* जुन्या कॅमेऱ्याचं काय? त्याची बीएनसी (व्हिडिओची) केबल त्याच खांबावर आहे.

*बी-603:* काका, सगळ्यात मोठा धोका तोच. काही 24 व्होल्ट एसी कॅमेऱ्यांत आत एकच डायोड असतो, म्हणजे बीएनसीची बाहेरची जाळी (शिल्ड) थेट एसीच्या एका वायरशी जोडलेली. आपल्या ब्रिजचा निगेटिव्ह लोखंडी डब्यातून किंवा शिल्डेड लॅन केबलमधून त्या जाळीला लागला, तर ब्रिजचा एक डायोड थेट शॉर्ट होतो. मग फ्यूज उडतो, नाहीतर ब्रिज फुटतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचं (24 च्या बाजूचं) एक टोक अर्थ केलेलं असेल आणि डीसी निगेटिव्हही अर्थ झाला, तरी तेच. साध्या यूटीपी (शिल्ड नसलेल्या लॅन) केबलला ही भीती नाही, पोर्टमध्ये छोटे ट्रान्सफॉर्मर असतात.

*ए-102:* मग साधा बक नकोच. आयसोलेटेड (इनपुट आणि आउटपुट आतून वेगळे असलेलं) डीसी-डीसी मोड्यूल घ्या: इनपुट 18–75, आउटपुट 12 व्होल्ट, 50 वॅट. 40 चा प्रश्नही सुटतो आणि निगेटिव्हचाही. महाग पडेल, पण खांबावर चढून पुन्हा पुन्हा दुरुस्ती करण्यापेक्षा बरं.

*सेक्रेटरी:* ठरलं. जोडायच्या आधी काय तपासायचं?

*बी-603:* स्विच लावायच्या आधी 12 च्या आउटपुटला गाडीचा 21 वॅटचा बल्ब लावून तासभर चालवा. इनपुटला डीसी मोजा, नंतर मेन बंद करून इन्व्हर्टरवर पुन्हा मोजा. 19 च्या खाली जाता कामा नये. बूस्टवरचा व्होल्टेज बदलायचा छोटा स्क्रू (पॉट) फिरवून 24 आधीच सेट करा आणि त्याच्यावर नेलपॉलिशचा ठिपका द्या. स्विचच्या पिनची पोलॅरिटी लेबलवर पाहा, बहुधा आतली पिन प्लस असते. डबा आयपी65 चा (धूळ-पाणी आत न जाणारा), ग्लँड (केबल आत घ्यायची जागा) खालच्या बाजूला.

*सी-401:* आणि मीटर रूममधलं 230 चं टोक लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनकडूनच जोडून घ्या. वॉचमनला सांगू नका.