सोडियम हायड्रॉक्साइडच्या प्रमाणीकरणासाठी ऑक्झॅलिक आम्ल की केएचपी?

चर्चाप्रस्ताव

आपल्याकडच्या महाविद्यालयांत सोडियम हायड्रॉक्साइडचे द्रावण प्रमाणित करायचे, म्हणजे त्याची नेमकी तीव्रता ठरवायची म्हटले की ऑक्झॅलिक आम्लाची बाटली पुढे येते. माझ्या मते तिची जागा पोटॅशियम हायड्रोजन थॅलेटने, म्हणजे केएचपीने, घ्यायला हवी. प्राथमिक मानक, म्हणजे ज्याच्या आधारे दुसऱ्या द्रावणाची तीव्रता ठरवतात त्या शुद्ध पदार्थाचे वजन पाहून त्याचे प्रमाण निःशंकपणे सांगता आले पाहिजे. ऑक्झॅलिक आम्लाच्या बाबतीत शंका उरते, कारण त्याच्या 126.07 या रेणुभारापैकी 36 इतका वाटा स्फटिकजलाचा (स्फटिकात बांधलेल्या पाण्याचा) असतो आणि कोरड्या हवेत ते पाणी हळूहळू निघून जाते. पाणी जाऊन वजन एक टक्का घटले, तरी तोललेल्या प्रत्येक ग्रॅममध्ये आम्ल जास्त भरते, ब्युरेटचे वाचन वाढते आणि आम्लारीची, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइडची, नॉर्मॅलिटी (तीव्रता) सुमारे एक टक्का कमी निघते. केएचपीत स्फटिकजल नाही, ते ओलावाही फारसा घेत नाही. 110 ते 120 अंश सेल्सियसला दोन तास सुकवून डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणाऱ्या बंद भांड्यात) थंड केले की काम झाले. शिवाय त्याचा सममूल्यभार (एक मोल सोडियम हायड्रॉक्साइड उदासीन करणारे वजन) 204.22 असल्याने 0.1 नॉर्मल आम्लारीच्या 25 मिलिलिटरसाठी सुमारे 0.51 ग्रॅम तोलावे लागते, तर ऑक्झॅलिक आम्ल केवळ 0.158 ग्रॅम. तराजूची चूक 0.2 मिलिग्रॅम धरली, तर पहिल्यात ती 0.04 टक्के आणि दुसऱ्यात 0.13 टक्के होते.

प्रतिसाद 1 (महाविद्यालयीन अध्यापक)

वजनाचा मुद्दा कागदावर बिनतोड आहे, पण प्रयोगशाळेत 0.158 ग्रॅम तोलतो कोण? आम्ही 1.576 ग्रॅम तोलून 250 मिलिलिटर द्रावण करतो आणि त्यातले 25 मिलिलिटर पिपेटने घेतो. मग तराजूची तीच चूक जवळजवळ 0.01 टक्क्यावर येते. आमच्या बॅचमध्ये 20 विद्यार्थी असतात आणि चालू स्थितीतले तराजू दोनच. प्रत्येकाने केएचपी तीनदा तोलायचे ठरवले, तर प्रात्यक्षिकाची वेळ तराजूपुढच्या रांगेतच संपेल. शिवाय तेच ऑक्झॅलिक आम्ल पुढच्या आठवड्यात पोटॅशियम परमँगनेटचे द्रावण प्रमाणित करायला कामी येते, आणि केएचपी तिथे निरुपयोगी आहे. अंत्यबिंदूचे, म्हणजे रंग बदलून अभिक्रिया संपल्याचे कळते त्या क्षणाचे म्हणाल, तर ऑक्झॅलिक आम्लाचा दुसरा पीकेए (आम्लाची ताकद दाखवणारा आकडा; लहान तितके आम्ल तीव्र) 4.27 आणि केएचपीचा 5.4, म्हणजे फिनॉल्फथॅलीन या दर्शकाचा रंग ऑक्झॅलिक आम्लातच किंचित अधिक ठळकपणे बदलावा.

प्रतिसाद 2 (औषधनिर्मितीतील गुणवत्ता नियंत्रण)

सर, पीकेएचा मुद्दा मान्य, पण 0.1 नॉर्मलला दोन्हीकडे एका थेंबात गुलाबी रंग येतो, त्यामुळे त्यावर निवड ठरत नाही. तराजूची चूक आपण घालवलीत, तिच्या जागी पिपेट आली. चांगल्या प्रतीच्या 25 मिलिलिटर पिपेटलाही 0.03 मिलिलिटरची सूट असते, म्हणजे 0.12 टक्का. आपण वाचवले तेवढेच जवळपास परत गेले! केएचपी थेट शंकुपात्रात तोलले, तर पिपेट लागतच नाही.

आमच्याकडे नव्याने आलेल्या एका पदवीधराने ‘प्राथमिक मानक आधी सुकवायचे’ हा नियम पाठ असल्याने ऑक्झॅलिक आम्ल 110 अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवले. स्फटिकजल गेले, गणितात मात्र 126.07 राहिले, आणि 0.1 नॉर्मलचे द्रावण 0.071 निघाले.

प्रतिसाद 3 (अध्यापकांचे उत्तर)

तो दोष पदार्थाचा नव्हे, शिकवण्याचा आहे, आणि त्यात माझ्यासारख्यांचाही वाटा आहे. केएचपीही 125 अंशांच्या वर तापवले, तर थॅलिक अॅनहायड्राइड होऊ लागते. ‘सुकवा’ एवढेच सांगितले, तर तिथेही घात होईल. तुमचा पिपेटचा हिशेब मात्र बरोबर आहे. या सत्रात दोन्ही तराजूंवर केवळ पाच विद्यार्थ्यांना केएचपी तोलायला देईन आणि बाकीच्यांची नॉर्मॅलिटी त्याच आम्लारीच्या त्या आकड्याशी ताडून पाहीन. फरक अर्ध्या टक्क्याच्या वर गेला, तर ऑक्झॅलिक आम्लाची उघडी बाटली परमँगनेटसाठीही वापरायची नाही, हे मला मान्य करावे लागेल.