मदत हवी आहे: पुलाच्या चढावर इलेक्ट्रिक स्कूटर बंद पडून राहिली

आर्णीकर_६३
६० व्होल्टची गाडी आहे, लायसन-पासिंग न लागणारी. पोरगी तिच्यावर आर्णीला कॉलेजात जाते, जाऊन-येऊन २२ किलोमीटर. येताना नाल्याच्या पुलाचा चढ लागला की गाडी एकदम बंद. किल्ली बंद-चालू केली की सुरू होते, शे-दीडशे फुटांवर पुन्हा बंद. बॅटरीचे काटे अर्ध्याच्या वर दाखवतात. दुकानदार म्हणतो मोटरला करंट सोडणारा कंट्रोलर गेला, तीन हजार लागतील. बदलू की नको एवढंच सांगा. सोमवारपासून पेपर आहेत, लवकर सांगा.

हबमोटर
एवढ्यावरून कोणीच सांगू शकणार नाही. बंद पडते त्या क्षणी हँडलवरचं मीटर पूर्ण काळं होतं, की मीटर चालू राहून फक्त चाक ओढत नाही? सगळं निदान यावर आहे.

मीटर चालू राहत असेल तर दोष कंट्रोलरच्या बाजूला: ब्रेक लिव्हरचा स्विच दाबलेलाच राहिला, थ्रॉटलची (ॲक्सिलरेटरची) वायर तुटत आली, मोटरचे हॉल सेन्सर (चाक कुठं फिरलंय ते कळवणारे) गेले, किंवा व्होल्टेज घसरून कंट्रोलरनेच मोटर सोडली. मीटरच काळं होत असेल तर करंट कंट्रोलरपर्यंत पोचतच नाही. मग एमसीबी, बॅटरीचा प्लग, किंवा लिथियम असेल तर तिच्या आतला बीएमएस (सेलवर नजर ठेवून गरज पडली की बॅटरी तोडणारं सर्किट). अशात नवा कंट्रोलर टाकून काही उपयोग नाही.

बॅटरी लेडची की लिथियमची, केवढी जुनी, आणि चार्जरच्या स्टिकरवर आउटपुट किती लिहिलंय, हेही लिहा.

वऱ्हाडी_भाऊ
दोघी बसतात काय गाडीवर? थे सांगा आधी. अन् लिथियम असन तर काढून फेका, पाच लेडच्या बॅटऱ्या टाका. गावात दुरुस्त होते, एक गेली तर एकच बदलता येते. लिथियमचा डबा बंद पडला की पुरा डबा यवतमाळले न्या.

दारव्हा_वायरमन
बॅटरी कोणतीही असो, आधी फुकटात होणारी तपासणी करा. सीट उचला, किल्ली बंद, एमसीबी खाली. बॅटरीचा जाड प्लग ओढून पाहा. पितळी पत्ती काळी पडली असेल किंवा प्लास्टिक पिवळं-तपकिरी होऊन वितळलं असेल तर तिथंच दोष. आपल्या रस्त्यांवर हादऱ्यानं स्क्रू ढिले होतात, ढिला जोड तापतो, जोरात करंट ओढला की तुटतो. एमसीबीवर ३२ लिहिलंय की ४०, तेही पाहा. जुना एमसीबी उन्हात रेटिंगच्या आधीच पडतो, पण मग खटका खाली आलेला दिसतो.

लेड असेल तर सोपं आहे. ब्रेक लिव्हरच्या स्विचची पिन तात्पुरती काढायची, नाहीतर ब्रेक दाबताच मोटर बंद होते. एकानं मागचं चाक उचलून ब्रेक अर्धा दाबून थ्रॉटल द्यायचा, दुसऱ्यानं पाचही बॅटऱ्यांवर एकेक करून मल्टिमीटर लावायचं. चार ११.८ वर आणि एक १०.५ च्या खाली जात असेल तर तीच मेलेली.

आर्णीकर_६३
मीटर पूर्ण काळं होतं. एमसीबी पडत नाही, ४० चा आहे. प्लग पाहिला, चांगला आहे. दिवाळीत लेड काढून लिथियम टाकली, २६ एएच (अँपिअर-तास). तेव्हाच दुकानदाराने स्पीड खोलून दिली, आता चाळीसच्या वर जाते. येताना तिची मैत्रीण मागे असते. सकाळी जाताना एकदाही बंद पडली नाही. चार्जर जुनाच आहे, तो चांगला चालतो. आता सांगा, कंट्रोलर बदलू का?

हबमोटर
कंट्रोलर बदलू नका. आणि आज रात्री गाडी चार्जिंगला लावू नका. चार्जर जुनाच आहे ही गोष्ट पहिल्या ओळीत लिहायला हवी होती.

पाच लेड बॅटऱ्यांचा चार्जर साधारण ७३.५ व्होल्टपर्यंत चढतो. ‘६० व्होल्ट लिथियम’ म्हणून जे डबे विकतात ते एका जातीचे नसतात. लिथियमच्या दोन जाती चालतात, एनएमसी आणि एलएफपी. एनएमसीचे १६ सेल-गट (एकत्र जोडलेल्या सेलचे गट) ओळीत असले तर ६७.२ ला थांबायलाच हवं. १७ असले तर ७१.४. एलएफपीचे २० असले तर ७३. म्हणजे तुमचा डबा १६ चा निघाला तर चार्जर प्रत्येक सेलला ४.६ कडे ढकलतो आणि मर्यादा ४.२ ची आहे. मध्ये उभा आहे फक्त बीएमएस, तो रोज तोडतो म्हणून आजवर निभावलं. बीएमएस हे शेवटचं कुंपण आहे. त्यातलं एक मॉस्फेट (करंट तोडणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालं तर पुढे अडवायला काही नाही.

मल्टिमीटर मिळवा. चार्जरच्या स्टिकरवरचा आउटपुट, आणि रात्रभर लावून काढल्यावर डब्याचे व्होल्ट किती असायचे, कोणी मोजले असतील तर सांगा.

वाहनकायदा
इथं सगळे बॅटरीत गुंतले आहेत, पण ‘स्पीड खोलून दिली’ हे वाक्य जास्त गंभीर आहे. गाडीला नोंदणी, लायसन, विमा लागत नाही तो केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या २(यू) मुळे: मोटरची तीस मिनिटांची शक्ती २५० वॅटपेक्षा कमी, कमाल वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी, आणि हे पुण्याच्या एआरएआयसारख्या मान्यताप्राप्त संस्थेनं तपासलेलं. वेगाचं लॉक काढलं त्या दिवशी ही सूट गेली. आता ती कायद्यानं मोटार वाहन आहे, तेही बिननोंदणीचं आणि बिनविम्याचं. पासिंग करून घेऊ म्हटलं तरी होत नाही, कारण त्या मॉडेलला त्या वेगाची मंजुरीच नाही.

मुलगी अठराच्या आत असेल तर कलम १९९अ लागू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं आहे: पालकाला २५,००० रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद, मुलीला पंचविशीपर्यंत लायसन नाही. कोणाला धडक बसली तर भरपाई घरातून द्यावी लागेल.

वऱ्हाडी_भाऊ
गावच्या रस्त्यावर कोण तपासते राजेहो. २५ नं गेली तर पोरगी पेपरले पोचन कवा? मागून ट्रक हॉर्न मारत येते, थे दिसत नाही काय तुमाले?

वाहनकायदा
११ किलोमीटर आहे. पंचविशीनं सव्वीस-सत्तावीस मिनिटं, चाळिशीनं सोळा-सतरा. दहा मिनिटं आधी निघायचं. वेग हवाच असेल तर हिरव्या पाटीची, पासिंगची गाडी घ्यावी. ऑगस्ट २०२१ पासून बॅटरीच्या गाडीला नोंदणी प्रमाणपत्राची फी नाही.

सौरशेती
यानिमित्तानं विचारतो, वावरात सौर कृषी पंपाची पॅनेलं आहेत. पंप बंद असताना त्यावर स्कूटर चार्ज करता येते का? वीज फुकट आहे.

दारव्हा_वायरमन
@सौरशेती थेट अजिबात नाही. पंपाची पॅनेलं ओळीत जोडलेली असतात, त्या तारांवर शेकडो व्होल्ट डीसी असतो. डीसीची ठिणगी एसीसारखी विझत नाही, ओढत राहते. आणि पंपाच्या कंट्रोलरला हात लावला तर हमी आणि देखभाल दोन्ही जातील. एका चार्जिंगला दीड-दोन युनिट लागतात. तेवढ्यासाठी वेगळं पॅनेल आणि छोटा इन्व्हर्टर परवडतो का, त्याचा वेगळा धागा काढा.

आर्णीकर_६३
मी कायदा विचारला नव्हता. पोरीला सतरावं चालू आहे. चार्जरवर ७३.५ व्होल्ट ३ अँपिअर आहे. डब्यावर फक्त ६० व्होल्ट २६ एएच, बाकी काही लिहिलेलं नाही. गावातल्या इलेक्ट्रिशियनने मागच्या आठवड्यात चार्जिंगनंतर मोजलं होतं, ६६.८. चार्जिंग आतल्या खोलीत करतो, ओसरीवर प्लग नाही. आता पेपरला गाडी कशी चालू करू ते सांगा.

हबमोटर
६६.८ भागिले १६ म्हणजे ४.१७. डबा बहुधा १६ च्या एनएमसीचा आहे आणि तसं असेल तर चार्जर चुकीचा आहे. ६७.२ व्होल्टचा लिथियम चार्जर घ्या, ३ किंवा ४ अँपिअर. पिनची उलटसुलट बाजू मल्टिमीटरनं तपासूनच लावा, प्लग सारखा दिसला तरी प्लस-मायनस फिरलेले असू शकतात.

आता बंद का पडते ते. दोघी मिळून शंभर किलो आणि गाडी ऐंशीची धरा. पुलाचा चढ वीस मीटरला एक मीटर असा असेल तर वीसच्या वेगानं चढायला मोटरच्या टोकाला साडेसहाशे वॅट लागतात, बॅटरीतून नऊशेच्या वर, म्हणजे सोळा-सतरा अँपिअर. चाळीसनं चढवली तर दुपटीहून जास्त. या डब्यांचा बीएमएस बहुधा २५ ते ३० अँपिअरचा असतो.

पण फक्त जास्त करंट हे कारण असतं तर भरलेल्या बॅटरीवरही ती पडली असती. सकाळी एकटी असते, हा फरक आहेच. तरी काटे अर्ध्यावर असताना पुन्हा पुन्हा पडते यावरून मला एक सेल-गट मागे पडलेला वाटतो. बाकी पंधरा ३.६ वर आणि एक चढावर २.८ च्या खाली गेला की बीएमएस अख्खा डबा तोडतो. बाहेरून मोजलं तर ५७ दिसतं, म्हणून सगळ्यांना बॅटरी चांगली वाटते. किल्ली बंद केली की भार सुटतो, तो गट वर येतो, गाडी उठते. आणि हे घडलंही चार्जरमुळेच: सगळे सेल सारखे व्हायला शेवटचा हळू चार्जिंगचा वेळ लागतो. चुकीचा चार्जर पूर्ण करंट ढकलत राहतो, पहिला भरलेला सेल मर्यादा गाठतो, बीएमएस तोडतो, बाकीचे मागे राहतात. रोज थोडं थोडं अंतर वाढतं.

दुकानात जाऊन कंट्रोलर म्हणू नका. ‘बीएमएसच्या १७ बारीक तारांवर सोळाही गट मोजून आकडे लिहून द्या’ म्हणा. फरक ०.०५ व्होल्टच्या आत असेल तर ठीक. घरी डबा उघडू नका. त्यात फ्यूजच्या अलीकडे उघड्या निकेलच्या पट्ट्या असतात, पाना पडला तर विझवता येत नाही.

काळी_कसदार
आतल्या खोलीत म्हणजे कुठं? या दिवसांत विदर्भात अर्ध्या घरांत भाव चढावा म्हणून थांबवलेला कापूस खोलीत भरलेला असतो. त्या खोलीत लिथियम चार्ज करू नका, बरोबर चार्जर आला तरी. ओसरीवर एक्स्टेन्शन आणा, खाली फरशी, वर पत्रा, बाजूला पऱ्हाटीचा ढीग नको, आणि माणसं झोपतात त्या दाराच्या वाटेत नको. धूर निघाला तर आधी मेनस्विच बंद, मग पाणी, भरपूर पाणी. मातीनं ज्वाळ दबते पण आतले सेल थंड होत नाहीत, पुन्हा पेटतात.

पेपर दोन वाजता सुटत असेल तर गाडी तीन तास उन्हात तापलेली असते. घरी आल्या आल्या लावू नका. सेल ४५ अंशांच्या वर असताना चार्ज करायचे नसतात. रात्री जेवणानंतर लावा किंवा पहाटे. सावलीत झाडाखाली उभी करायला सांगा.

आणि रस्त्याचं. सिमेंटचा रस्ता झाला तिथं काळ्या मातीची साईडपट्टी खचून चार-सहा इंचांची कड तयार होते. दहा इंची चाक त्या कडेला तिरपं घासत वर घेतलं की गाडी पडते. खाली उतरली तर थांबून, वळून, सरळ कोनात वर घ्यायची. मागे लाल आणि पुढे पांढरी परावर्तक पट्टी लावा. कापसाच्या गाड्यांना मागे दिवा नसतो, म्हणून अंधार पडायच्या आत घरी.

पुसदकर
तालुक्याच्या गावात या गाड्या गर्दी टाळायला फुटपाथवर चढवतात, तेही बंद करायला सांगा. पंचवीसची असली तरी फुटपाथ पायी चालणाऱ्यांचा. आवाज नसतो, त्यामुळे दुकानातून बाहेर पाऊल टाकणाऱ्याला काही कळत नाही.

वऱ्हाडी_भाऊ
म्हणून म्हणतो लेड टाका. पेटत नाही, चार्जर तोच चालते.

हबमोटर
पेटत नाही हे खरं. पण पाच बॅटऱ्या चाळीस किलोच्या वर जातात, चढावर तेवढंच ओझं वाढतं. २५ अंशांच्या वर दर दहा अंशांना लेडचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपला मे ४५ चा. शिवाय चार्ज होताना हायड्रोजन सुटतो, त्यामुळे बंद खोली तिलाही चालत नाही. ज्यांची फेरी दहा किलोमीटरच्या आत आहे त्यांनी लेड खुशाल घ्यावी. २२ साठी नाही.

आर्णीकर_६३
दुकानात जाऊन आलो. मोजून दिले. पंधरा गट ३.६१ ते ३.६४, सात नंबरचा ३.३८. दुकानदार म्हणतो गट बदलून देतो, दोन हजार. नवीन चार्जर बाराशेचा घेतला, ६७.२ लिहिलंय. स्पीड लॉकची वायर परत जोडून घेतली. कापूस त्याच खोलीत होता. चार्जिंग ओसरीवर आणलं. गट बदलू का?

हबमोटर
लगेच बदलू नका. आधी त्याच दुकानात सात नंबरला एका सेलच्या ४.२ व्होल्टच्या चार्जरनं समोर बसून ३.६२ पर्यंत आणायला लावा, त्यापुढे नाही. मग चोवीस तास गाडी न वापरता पुन्हा मोजा. ३.६ वर टिकला तर तो फक्त मागे पडला होता. नव्या चार्जरनं पूर्ण भरून, हिरवा दिवा लागल्यावरही जागेपणी तीन-चार तास तसंच ठेवा, बाकी अंतर बीएमएस भरून काढेल. चोवीस तासांत ३.५ कडे घसरला तर सेल आतून गळतो. मग गट बदलावाच लागेल: त्याच एएचचे सेल, आधी बाकीच्यांच्या व्होल्टेजवर आणलेले, आणि स्पॉट वेल्डिंगनं. सोल्डरिंगचा डाग लावणारा असेल तर देऊ नका, सेल तापून खराब होतो.

दारव्हा_वायरमन
सोमवारपर्यंत हे चोवीस तास पूर्ण होणार नाहीत. पेपर संपेपर्यंत मैत्रिणीला एसटीनं येऊ द्या. पोरीनं एकटीनं, हेल्मेट घालून, पंचविशीत चालवावी आणि पुलाच्या आधी थ्रॉटल अर्ध्यावर आणावा. तरी मीटर काळं झालं तर किल्लीनं पुन्हा पुन्हा उठवायचं नाही. उतरून ढकलत पूल पार करायचा. रिकामा झालेला सेल वारंवार ओढला तर तो कायमचा जातो.

आर्णीकर_६३
बरं. आज संध्याकाळी परत नेतो. आकडे मंगळवारी टाकतो.