गाडीवर चालणाऱ्या उपनगरांत ग्रीनबेल्ट बसत नाही

'अमेरिकन उपनगरात गाडी काढल्याशिवाय साधं दूधही आणता येत नाही' असं इथल्या चर्चेत म्हटलंय, आणि ते बहुतेक ठिकाणी खरंच आहे. पण मेरीलँडमधलं, वॉशिंग्टनजवळचं ग्रीनबेल्ट त्याला अपवाद आहे. मंदीच्या काळात सरकारने वसवलेल्या या गावात १९३७ पासून पहिली ८८५ कुटुंबं राहायला आली. घरांच्या मागून पायवाटा आणि रस्त्याखालून भुयारी मार्ग, त्यामुळे मुलं रहदारीचा रस्ता न ओलांडता मधल्या चौकात पोचतात. मी पहिल्यांदा तिथे चालले तेव्हा अर्धा तास गाडी आडवी आली नाही, याचं फार अप्रूप वाटलं होतं.

या चर्चेत तिथल्या घरांच्या मालकीबद्दल कुणीच लिहिलेलं नाही, आणि मला तेच सगळ्यात मोलाचं वाटतं. १९५२ मध्ये सरकारने विकायला काढलेली सुमारे १,६०० घरं रहिवाशांच्याच सहकारी संस्थेने घेतली. आपल्या सोसायटीसारखंच, सभासदाला संस्थेचा भाग (शेअर) आणि राहण्याचा हक्क मिळतो. घरं संस्थेच्या नावावर. मात्र गाव बांधायला कृष्णवर्णीय मजूरही होते आणि सुरुवातीला राहायला फक्त गोरे. ग्रीनबेल्टचं कौतुक करताना हे सांगितलंच पाहिजे.