‘ट्रिप टु जेरुसलेम’च्या भिंतीवरचं ११८९ पुसावं का?

सालकरी: नॉटिंगहॅमच्या किल्ल्याच्या कातळाला पाठ टेकून ‘ट्रिप टु जेरुसलेम’ हा पब उभा आहे. पांढऱ्या भिंतीवर ठळक अक्षरांत इ.स. ११८९ आणि ‘इंग्लंडमधली सर्वांत जुनी सराई’ असा दावा. या सालाला कागदाचा एक चिटोरा आधार नाही. आज दिसणारी इमारत १७ व्या शतकाच्या मध्याची. आधी नाव होतं ‘पिलग्रिम’. जेरुसलेम आलं १७९९ च्या सुमारास. ११८९ मध्ये पहिला रिचर्ड इंग्लंडच्या गादीवर आला, म्हणून जेरुसलेमसाठीच्या धर्मयुद्धाच्या गोष्टीला ते साल सोयीचं. त्याच गावातल्या, असाच दावा करणाऱ्या ‘बेल’ आणि ‘सॅल्युटेशन’ या पबांच्या तुळया वलयमोजणीत (लाकडातली वर्षागणिक वाढणारी वलयं मोजून) १५ व्या शतकातल्या निघाल्या. मान त्यांचा. पाटी पुसा.

कातळवेडा: असहमत. वलयं लाकडाला असतात, वालुकाश्माला नाही! ‘ट्रिप’च्या मागच्या खोल्या कोरलेल्या आहेत, त्यांचं वय समोरच्या भिंतीवरून कसं काढणार? जागेचं नाव बघा: ब्रूहाउस यार्ड. वर १०६८ पासून किल्ला, म्हणजे शिबंदीला रोज एल, म्हणजे बिअर, हवीच. शिवाय या गावात गुहांमध्ये माल्ट करायचे. भिजवलेलं सातू जमिनीवर पसरून मोड आणतात आणि सारखं उलथत राहतात. ढीग तापला की मोड भराभर वाढतात आणि दारूसाठी लागणारा स्टार्च तेच खाऊन टाकतात. गुहेत बारा महिने १४ अंशांच्या आसपास, म्हणून उन्हाळ्यातही काम बिघडत नाही.

सालकरी: किल्ल्यासाठी एल गाळणं वेगळं, येणाऱ्याजाणाऱ्याला विकणं वेगळं. पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला चालत नाही. आणि रिचर्ड नॉटिंगहॅमच्या किल्ल्यापुढे सैन्य घेऊन बसला तो ११९४ मध्ये, धर्मयुद्धाहून परतल्यावर, भावाच्या माणसांना हुसकायला.

वलयमोजणी: दोघेही थांबा. ओकच्या नमुन्यात निदान पन्नासेक वलयं हवीत, नाहीतर जुळणी भरवशाची नाही. झाडाची साल शाबूत असेल तर ते कोणत्या वर्षी पाडलं ते कळतं. ती तासून टाकली असेल तर बाहेरच्या कोवळ्या लाकडाची १५ ते ४० वलयं अंदाजाने धरावी लागतात, आणि तारीख तेवढी सैल होते. ओक ओलाच वापरत, म्हणून तोडणी आणि बांधणीत फार अंतर नसे. पण तुळई दुसरीकडून काढून बसवली असेल तर सगळंच फसतं. जोडाच्या मोकळ्या खाचा दिसल्या की संशय घ्यायचा. मुख्य म्हणजे तुळई घराचं वय सांगते, धंद्याचं नाही. ‘बेल’ तर मुळात कार्मेलाइट मठाचं भोजनगृह होतं म्हणतात. मग तिथे पब कधी सुरू झाला?

कातळवेडा: म्हणजे तिघांचेही दावे सारखेच लंगडे. मग एकट्या ‘ट्रिप’चीच पाटी का पुसायची? निदान तिथलं तळघर निसर्गानेच थंड ठेवलंय.

पिंपवाला: हे ‘निसर्गाने थंड’ सगळे डोळे मिटून म्हणतात. पिंपातल्या जिवंत बिअरला, म्हणजे जिच्यात यीस्ट अजून काम करतं तिला, ११ ते १३ अंश लागतात. १४ ला गुहा उबदारच पडते, वर माणसांची, दिव्यांची ऊब. थंडाव्याचं यंत्र लावावंच लागतं. ९ गॅलनचं, ७२ पाइंटचं पिंप आडवं ठेवून गाळ बसू द्यायचा, पिंपाच्या भोकातल्या मऊ लाकडी खुंटीतून वायू सुटू द्यायचा, विक्री थांबली की कडक खुंटी ठोकायची. ती विसरली तर बिअर सपक होते. उघडल्यापासून तीनेक दिवसांत संपलं नाही तर हवेने आंबूस.

सालकरी: यंत्र लावा, हरकत नाही. पाटीवर ‘इमारत १७ वं शतक, गुहा त्याहून जुन्या’ एवढं लिहा.

कातळवेडा: आणि त्या पाटीसमोर फोटो कोण काढणार?