लीफ्सना दणकट माणसं हवीत, पण कुठली?

मिसिसागाकर
लीफ्स म्हणजे आमचा टोरोंटोचा आइस हॉकी संघ. 2025 च्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या, सात सामन्यांच्या मालिका) फ्लोरिडा संघाने पाचवा आणि सातवा सामना टोरोंटोत येऊन जिंकला, दोन्ही 6-1 ने. तेव्हापासून आमच्याकडे एकच पालुपद, 'लीफ्स मऊ आहेत, दांडगे आणा.' मला हे अर्धंच पटतं. त्या मोसमात कॅप, म्हणजे संघाच्या एकूण पगाराची मर्यादा, होती 8.8 कोटी डॉलर. त्यातले साडेचार कोटींहून जास्त मॅथ्यूज, नीलँडर, टवारेस आणि मार्नर या चार स्टार फॉरवर्डांतच संपले. उरलेल्यात गोलरक्षक, डिफेन्स आणि आठ फॉरवर्ड बसवायचे. 2023 मध्ये ठोसेबाज रायन रीव्ह्जला वर्षाला साडेतेरा लाखांवर तीन वर्षं घेतलं. गडी जिगरबाज, पण प्लेऑफमध्ये ठोसेबाजी होते कितीशी?

टँपा संघाने काय केलं बघा. 2019 मध्ये 62 सामने जिंकून पहिल्याच फेरीत कोलंबस संघाकडून 4-0 हरले. तरी मोठे खेळाडू विकले नाहीत. फेब्रुवारी 2020 मध्ये कोलमन (18 लाख) आणि गुडरो (सव्वानऊ लाख) आणले. दोघंही अंगावर जाणारे, पेनल्टीमुळे आपला एक माणूस कमी असताना किल्ला लढवणारे आणि गोलही करणारे. लागोपाठ दोन स्टॅनली कप, म्हणजे दोन विजेतेपदं!

कोपऱ्यातली सीट
असहमत. ते दोघे स्वस्त होते, पण मिळवताना पहिल्या फेरीचे पिक (नवे खेळाडू निवडण्याचे हक्क) गेले, आणि 2021 च्या उन्हाळ्यात गुडरो 36 लाखांवर न्यूयॉर्कला, कोलमन 49 लाखांवर कॅल्गरीला. स्वस्त दणकटपणा दोन वर्षं टिकतो. फ्लोरिडाने तो महागड्या माणसातच घेतला. 2022 मध्ये 115 पॉइंटवाला (गोल आणि गोलसाठीचे पास मिळून) ह्युबर्डो आणि सोबत वीगर देऊन मॅथ्यू कचक आणला, वर्षाला 95 लाख. पुढे सलग तीन फायनल, दोन कप.

सामना बघताना एकदा पकवरची (रबरी चकतीवरची) नजर काढा आणि कोपऱ्यात पक आणायला मागे धावणाऱ्या डिफेन्समनकडे बघा. पहिल्या सामन्यात तो मान वर करून पास शोधतो. सहाव्यापर्यंत मागून स्केट्स वाजले की काचेवर पक भिरकावून मोकळा होतो. चौथ्या लाइनच्या (सगळ्यात कमी खेळवल्या जाणाऱ्या फॉरवर्डांच्या) आठ मिनिटांत हे होत नाही हो.

हिमवर्षा
दोघांनाही विचारते, गोल कुठे आहेत? 2023 मध्ये फ्लोरिडाविरुद्ध पाचही सामन्यांत लीफ्सचे दोन-दोनच गोल. 2024 मध्ये बोस्टनविरुद्ध पॉवर प्लेच्या 21 संधी, गोल एक! पॉवर प्लेवर समोर एक माणूस कमी असतो. तिथे कोण धक्के मारत होतं?

मिसिसागाकर
हिमवर्षा, 21 पैकी एकचं माझ्याकडेही उत्तर नाही. त्या मालिकेचा राग अजून गेलेला नाही. पण कोपऱ्यातली सीट, कचकसारखा माणूस बाजारात दहा वर्षांत एकदा येतो. कोलमनसारखे दर फेब्रुवारीत मिळतात. टँपाला दोन वर्षंच मिळाली म्हणता? टोरोंटो 1967 पासून थांबलंय. मला ती दोन वर्षं चालतील.